तू दोन पत्रिका मागायचीस

मंदे, परवा तुझ्या कंपनीत शोकसभा झाली. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या, पुढं हार घातलेला तुझा फोटो, आणि एकेक जण उठून बोलत होता. मॅडमनी आम्हाला हॉलंडला घर शोधून दिलं. मॅडमनी माझ्या मिसेसला विमानात बसण्याआधी ओव्हन लावायला शिकवलं. मॅडम नसत्या तर आमची पोरं तिकडच्या शाळेत रुळलीच नसती. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते आणि खोटं कशाला बोलू, मला रडू येत नव्हतं, राग येत होता. ह्या प्रत्येकाला तू चिमूटभर मिळालीस आणि त्या चिमटीचं ते केवढं कौतुक करत होते. माझ्याकडं पोतंभर होतं आणि मला उठायची सोय नव्हती. "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" असं त्या सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी माझ्या चपलेचा अंगठा बघत बसले.

तिथं बोलता आलं नाही म्हणून इथं बोलते. हे छापून आलं तर दौंडला कळेल, असं तू म्हणशील. कळू दे. तुझ्या आईला आता दिसत नाही, वहिनी राशिभविष्याच्या पलीकडं काही वाचत नाहीत, आणि तुझ्या भावानं, बाळूनं वाचलंच तर त्यानं मला येऊन विचारावं. त्या निमित्तानं तरी माझ्या दारात येईल.

आपली ओळख माझ्या लॅबमध्ये झाली. एमआयडीसीत कंपन्या नुकत्याच उभ्या राहायला लागल्या होत्या आणि नव्या भरतीच्या पोरांना मेडिकलसाठी तू शिरूरला आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये घेऊन यायचीस. दांडगे दांडगे गडी सुई बघून घाम पुसायचे. तू त्यांचा दुसरा हात धरून म्हणायचीस, "माझ्याकडं बघ, तिकडं बघू नको." मला पहिला हेवा वाटला तो त्या अनोळखी पोरांच्या हाताचा. मग तुला राहायला जागा हवी होती, आणि मी निमोण्याहून येऊन घरमालकीण हौसाक्काच्या माडीवर दोन खोल्यांत एकटीच राहत होते. मिळून भाडं भरणाऱ्या बाया शिरूरला नवीन नव्हत्या. नर्सा राहायच्या, मास्तरणी राहायच्या. त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

विचारू नये म्हणून आपण काय काय करायचो, ते आठवलं की आता हसू येतं. दोन खाटा, दोन मच्छरदाण्या, दारावर दोन नावांच्या दोन पाट्या. बाजारात एकीनं पुढं चालायचं, दुसरीनं मागं. जत्रेतल्या पाळण्यात शेजारी बसलो तर मध्ये भाजीची पिशवी ठेवायची. आणि त्या पत्रिका. आपल्याकडं लग्नपत्रिका घराला एक देतात. वाटणारा दारात उभा राहून खिशातलं पेन काढतो, वर नाव घालतो, दोन अक्षता ठेवतो आणि पुढच्या घरी जातो. आपल्या दारात येऊन कुणी म्हणालं, "दोन्ही ताईंची नावं घालतो यावर," की तू हसत पुढं व्हायचीस. "दोन द्या की भाऊ. आमचा आहेर वेगवेगळा असतो." बिचारा दुसरी पत्रिका काढायचा. प्रत्येक लगीनसराईत तुझ्या नावाची वेगळी आणि माझ्या नावाची वेगळी. मला ते झोंबायचं.

तुझी सुट्टी गुरुवारची. बुधवारी कंपनीच्या बसमधून उतरलीस की तशीच दौंडची एस.टी. धरायचीस. आईजवळ रात्र काढायचीस, बाळूच्या पोरांना खाऊ द्यायचीस आणि गुरुवारी दुपारी परत. म्हणजे अख्ख्या आठवड्यात निवांत अशी गुरुवारची संध्याकाळ तेवढी माझी. तीसुद्धा तू वाटून टाकलीस. कंपनीतून परदेशी निघालेल्या प्रत्येक जोडप्याला आधी आपल्याकडं जेवायला बोलवायचं, ही तुझी पद्धत. कंपनीनं तुला हे सांगितलेलं नव्हतं. त्यांना तिकिटं, व्हिसा, घरभाडं एवढंच पाहिजे होतं. जेवायला म्हणजे काय, तर स्वयंपाक पाहुण्यांनीच करायचा. नवऱ्यानं कणीक मळायची, बायकोनं गॅसचा रेग्युलेटर बदलून दाखवायचा, आणि तू पाटावर बसून बघायचीस की कोण कुणावर खेकसतंय. "तिकडं सासू न्हाई, शेजारीण न्हाई, रुसून जायला माहेर न्हाई," तू त्यांना सांगायचीस, "दोघांनाच लावायचंय घर." एखाद्याला कणीक जमली नाही तर पुढच्या गुरुवारी परत ये म्हणायचीस. मग तोही गुरुवार गेला. मी मोरीत भांडी आदळायला लागले की तू मागून येऊन कानाशी विचारायचीस,

"रत्ने, जळतीयस का?"

"व्हय."

"जळ. मला बरं वाटतं."

आणि परत त्या पाटावर जाऊन बसायचीस.

मग विकास आला. कवठे येमाईचा, तुमच्या प्रॉडक्शनमधला इंजिनिअर. तीन वर्षांसाठी हॉलंडला त्याची निवड झाली होती. तुझ्या केबिनचं दार त्यानं स्वतः लावून घेतलं, असं तू सांगितलंस. खुर्चीत बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, माझं लगीन झालेलं न्हाई. पण मी एकटा न्हाई." तू संध्याकाळी येऊन हे मला सांगत होतीस, त्याच्या आवाजाची नक्कल करून, आणि तुझे डोळे भरून आले होते. मला मात्र त्या पोराचा असा राग आला की बोलायची सोय नाही. काय सोपं वाक्य होतं. ते तुझ्या तोंडून ऐकायला मी कितीतरी वर्षं थांबले होते आणि तो कालचा पोरगा दार लावून बोलून मोकळा झाला.

त्याचा जोडीदार इरफान. तळेगाव ढमढेरेचा, शिरूरच्या बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ, आणि स्टुडिओच्या वरच्या खोलीत दोघं राहायची. तुमच्या तिकडच्या ऑफिसनं कळवलं की आम्ही जरूर मदत करू, फक्त दोघांनी इतकी वर्षं खरोखर एकत्र संसार केल्याचं दाखवा. फोटो पाठवा, ओळखीच्या माणसांचं सांगणं पाठवा. त्यांच्याकडं तसा कायदा होता. आपल्याकडंही कायदा होता, पण तो उलटा. तिकडं ज्याला पुरावा म्हणणार होते त्याच्यावर इकडं फौजदार केस करू शकत होता. आणि ही दोघं तर इतकी वर्षं तेच पुसत आली होती. तू म्हणालीस, "मी बघते." तुझं हे 'मी बघते' मला चांगलं माहीत होतं. पुढचे सगळे गुरुवार गेले, हे मला तिथंच कळलं.

इरफान पिशवीभर फोटो घेऊन आला. महाबळेश्वर, भीमाशंकर, विकासच्या बहिणीचं लग्न, स्टुडिओचं उद्घाटन. तू चटईवर सगळे पसरलेस. प्रत्येक फोटोत विकास. इरफान एकातही नाही.

"आरं, तू कुठाय ह्याच्यात?"

"मी काढत व्हतो ना आपा."

"एकात तरी?"

"कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देत न्हाई मी. लोकं हलवत्यात," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "आन् संगं उभं ऱ्हायचं म्हंजी भ्या वाटायचं."

विकासनं घाईघाईनं एक फोटो पुढं केला. "मॅडम, ह्याच्यात दोघं हाय." होते खरे. एका लग्नातला घोळक्याचा फोटो, एक ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला, आणि मध्ये अख्खं वऱ्हाड. आपण चौघंही पोट धरून हसलो. हसणं संपल्यावर तू बाकीचे फोटो पुन्हा एकेक करून उचललेस. मग म्हणालीस, "ह्या सगळ्या फोटोंत विकास कुणाकडं बघून हसतोय? त्यालाच तर पाठवायचंय." आणि तेच तू इंग्रजीत लिहून तिकडं धाडलंस. विकासचा चेहरा लाल झाला होता. इरफान उठून पाणी प्यायला गेला. मीही त्या फोटोंकडं बघत होते. तशी हसलेली तू मला रोज दिसायचीस, पण ते कशावर उमटलेलं नव्हतं.

पण नुसत्या हसण्यावर ऑफिसचं काम होत नाही. त्यांना कुणीतरी तिसऱ्यानं सांगायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी इरफाननं लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला. फोटोची कामं घ्यायचा म्हणून पत्त्यांसाठी त्यानं त्या ठेवल्या होत्या. तू सहज चाळायला घेतल्यास आणि मध्येच थांबलीस.

"इरफान, हे कुणी लिहिलं?"

"कुठलं? हां, ते व्हय. आमच्या तळेगावच्या भाजीवाल्या आप्पांनी. पोरीचं लगीन व्हतं."

"विकास आणि तू, दोघांची नावं एकाच पत्रिकेवर?"

"घराला एकच देत्यात ना आपा."

तो किती साधेपणानं बोलला. तुझ्या मात्र अंगात आल्यासारखं झालं. गठ्ठा सगळा सोडलास. निघाल्या, तशा बऱ्याच निघाल्या. कुणी 'विकासराव व इरफानभाई' लिहिलेलं, कुणी 'फोटोवाले बंधू', एका म्हाताऱ्यानं तर दोघांच्या नावापुढं 'सहकुटुंब' पण घातलेलं. माणसं पत्रिका वाटत दारोदार फिरली होती आणि ह्या दोघांचं घर एक आहे हे सहज लिहून गेली होती. तू पत्रिका घेऊन इरफानबरोबर तळेगावच्या बाजारात गेलीस, आप्पांना गाठलंस आणि हे लिहून द्याल का म्हणून विचारलंस. मी इकडं जेवण झाकून बसले होते. परत आलीस ती आप्पांची नक्कल करतच जिना चढलीस. "आवो बाई, एका चुलीवर जेवत्यात दोघं. ह्यात लिवून काय द्यायचं? न्हाई लिवलं तर काय दोन चुली व्हणार हायेत का?" तरी आप्पांनी लिहून दिलं. खाली सहीसुद्धा केली, आणि वर दोन जुड्या मेथी दिली.

तू ती मेथी निवडत बसलीस आणि मी तुला वाढायचं सोडून विचारलं, "आपल्याकडं आसली एक तरी पत्रिका हाय का गं?"

तू मान वर केली नाहीस. "आपल्याला कुठं जायचंय?" म्हणालीस.

तुझं सगळं बरोबर असायचं, म्हणून भांडायला जागा मिळायची नाही. तिकडच्या साहेबाला तू पत्रिका म्हणजे काय, ती घराला एकच का देतात, हे एवढं सविस्तर लिहिलंस की त्यानं उत्तरात विचारलं, आम्हाला कुणी अशी पत्रिका देईल का. दोघांचं काम झालं. इरफानच्या कागदांवर 'डिपेंडंट' असं पडलं होतं, त्यावरून त्यानं आपल्या घरात बसून केवढा दंगा केला. "स्टुडिओच्या गल्ल्यावर ह्यानं शिक्षण पुरं केलं, आन् डिपेंडंट मी?" विकास कणीक मळत होता. त्याची कणीक पहिल्याच झटक्यात जमली होती, हेही मला आवडलं नव्हतं. जाताना दोघं तुझ्या पाया पडले. इरफान तुझ्या गळ्यात पडून रडला आणि मी बाजूला पाण्याची बाटली धरून उभी. मला त्यानं 'येतो ताई' म्हटलं. त्यांचा पहिला फोटो आला तो कुणा रस्त्यावरच्या माणसानं काढलेला होता. मागं त्यानं लिहिलं होतं, 'हललाय, पण दोघं हाय.' तू तो फडताळाच्या दारावर चिकटवलास. आपलं भांडण झालं की मी तो उलटा करून ठेवायची आणि तू न बोलता सुलटा करायचीस.

सगळं वाईटच आठवतंय असं नको समजूस. लॅबमध्ये दिवसभर उभं राहून माझे पाय सुजायचे, म्हणून तू कंपनीतली भंगारात काढलेली चाकांची खुर्ची मागून घेतलीस आणि वडापच्या जीपच्या टपावर बांधून शिरूरच्या बाजारातून मिरवत आणलीस. त्याच खुर्चीवर बसून मी अजून काम करते. माझ्या तापट डोक्याला शिरूरमध्ये तुझ्याशिवाय कुणी हसलं नाही. बाकीचे एक तर घाबरायचे नाही तर चिडायचे.

पण ते भांडण राहिलंच. विकास-इरफानला जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. तुझं काम बघून तिकडच्या ऑफिसनं तुलाच बोलावलं. तीन वर्षं तिकडं राहायचं, आणि जगभरातून येणाऱ्या अशाच लोकांची सोय बघायची. तू मला सांगितलंच नाहीस. मला कळलं इरफानच्या फोनवरून. तो खुशीत होता. मग अडखळत म्हणाला, "पण ताई, बरोबर कोण येणार असं आपाला इथल्यांनी इचारलं, तर आपा म्हणली, मी एकटीच हाय. मग तुमी?"

मी तुझी वाट बघत जिन्यात बसले. तू आलीस, चपला काढल्यास आणि माझ्या तोंडाकडं बघूनच तुला समजलं.

"मी एकटीच हाय म्हणालीस?"

"आगं, मग काय म्हणू?"

"विकास काय म्हणाला व्हता ते म्हणायचं."

"त्याचं येगळं. त्याचं सांगायला आप्पा व्हते. दोन गड्यांचं लोक हसून चालवून घेत्यात. आपलं कोण सांगणार हितं? हौसाक्का? तिला कळलं तर संध्याकाळपतूर बोचकी रस्त्यावर येतील."

"विचारून तर बघ."

"न्हाई विचारायचं. विचारलं की कळतंय."

"तुला समद्या गावाची घरं दिसत्यात. आपलंच तेवढं दिसत न्हाई."

"आपलं हाय म्हणून तर जपतीया," तू म्हणालीस, आणि आत जाऊन कुकर लावलास. दुसऱ्या दिवशी तू त्यांना नकार कळवून टाकलास. आईसाठी कळवलास की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. माझं म्हणणं अजून तेच आहे. तू चुकलीस. जायचं नव्हतं तर नसतं जायचं, पण एकटी आहे असं म्हणायचं नव्हतं. तू असतीस तर ह्यावर काहीतरी बोलली असतीस आणि बहुतेक मला गप्पही केलं असतंस.

दवाखान्यातलं फार लिहीत नाही. पुण्याला नेलं तेव्हा तुझे रिपोर्ट बाळू माझ्या हातात द्यायचा, कारण त्या आकड्यांतलं मलाच कळत होतं. तू आता घरी येत नाहीस, हे बाहेरच्या बाकड्यावर सगळ्यात आधी मला कळलं. आत जायचा पास मात्र एकच, नातेवाइकांचा, आणि तो वहिनींच्या गळ्यात. वहिनींनी पहिल्या भेटीत माझं आडनाव विचारलं होतं आणि त्यानंतर कधीच काही विचारलं नव्हतं. एकदा त्या चहाला गेल्या तेव्हा बाळूनं तो पास मला दिला. मी आत आले. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. मला तुझ्याकडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. तू पुन्हा डोळे मिटलेस, आणि तेवढ्यात सिस्टर बाहेर व्हा म्हणाली.

तू गेल्यावर तुला थेट दौंडला नेलं. मी मागून एस.टी.नं आले. तुमच्यात बायका घाटावर जात नाहीत, त्यामुळं निदान तिथं तरी मी आणि वहिनी सारख्याच झालो. पुढचे दिवस मी तुमच्या स्वयंपाकघरात होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ही मंदाची शिरूरची मैत्रीण' एवढं सांगायचे, आणि मी चहा ठेवायची. तिसऱ्या दिवशी विकास आणि इरफान आले, विमानतळावरून तसेच. कंपनीचे फॉरेनचे पाहुणे म्हणून वहिनींनी कपाटातले कप काढले. इरफान मात्र खुर्चीत बसलाच नाही. तुझ्या आईच्या पायाशी बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. आईनं त्याचं डोकं चाचपलं.

"कोण रं तू बाळा?"

"आपानं माझं घर लावून दिलं, आई."

"आशीच व्हती ती," आई म्हणाली, आणि त्याचे केस कुरवाळत राहिली. विकास त्याच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसला होता, भर बैठकीत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होते. मंदे, मला त्या क्षणी त्या पोराला उठवून तिथं बसावंसं वाटलं. तुझ्या आईच्या पायाशी रडायचा पहिला मान माझा होता. मी आत गेले आणि कप विसळले. निघताना इरफान मला जवळ घेऊ बघत होता, पण मी हातात ट्रे धरून ठेवला.

मी निघाले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "त्यांचं तिकडं जे काय सामान आसंल ते बाळू येऊन घेऊन जाईल." मी बरं म्हणाले.

दौंडहून सुटले ती आधी तुझ्या त्या शोकसभेला गेले, आणि तिथून शिरूरला पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुलूप काढलं. घरात बंद राहिलेल्या हवेचा वास होता. चहा करावा म्हणून गॅस लावायला गेले, तर जिन्यावर पावलं वाजली. हौसाक्का गुडघ्यावर हात टेकत टेकत वर येत होती. तिचं वय झाल्यापासून ती कधी माडीवर येत नाही, काही लागलं तर खालून हाक मारते. तिच्या मागं समोरच्या घरातली शमाभाभी होती, हातात झाकलेलं ताट.

"ती काडी ठेव खाली," हौसाक्का म्हणाली. "चूल पेटवायची न्हाई."

भाभीनं ताट माझ्यापुढं ठेवलं. पिठलं आणि भाकरी. मी म्हणाले, मला भूक नाही.

"भुकंचं कुणी इचारलं? कडू घास हाय तो."

आपल्याकडं घरातलं माणूस गेलं की शेजारीपाजारी त्या घरी हे ताट घेऊन जातात, आणि त्या घरच्या माणसांना बळंच खायला लावतात. मीही कितीदा लोकांकडं नेलंय. मी म्हणाले, "आक्का, तो दौंडला झाला. तिच्या घरी."

"तिकडचा झाला आसंल," हौसाक्का म्हणाली. "ह्या घराचा ऱ्हायला व्हता. तू तिकडं अडकलीस म्हणून थांबलो आमी." ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिला खाली बसायला फार त्रास होतो. "तुझं माणूस गेलंय. एवढ्या वर्सांचं. बस, खा."

मला काही विचारायचं होतं. आक्का, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? पण तिनं भाकरीचा तुकडा मोडून, पिठल्यात बुडवून माझ्या तोंडात घातला होता, आणि घास तोंडात असताना कसं विचारायचं. भाभी म्हणाली, "रातच्याला माझ्याकडनं येईल. उद्या आक्कांकडनं. तुमी गॅसला हात लावू नका." मग ती माझी पाठ चोळत बसली. दवाखान्यात, दौंडला, तुझ्या शोकसभेत जे आलं नाही ते रडू मला तिथं आलं. दोघींनी मला गप्प केलं नाही. मी रडत रडत सगळं ताट संपवलं.

तू तळेगावच्या बाजारापर्यंत जाऊन दुसऱ्यांसाठी जे मागून आणायचीस, ते माझ्याकडं न मागता जिना चढून आलं. मी आधी गेले असते तर ते तुझ्याकडंही आलं असतं. ह्याच दोघी आल्या असत्या, आणि तुला हातानं भरवलं असतं. तू खाली जाऊन एकदा विचारायला पाहिजे होतंस, मंदे. तू गेल्यावर हे मला एकटीला मिळालं. तुला हेवा वाटावा असं माझ्याकडं आज पहिल्यांदा काही आहे, आणि हेवा करायला तू नाहीस.